मुनीर मास्तरांचा चष्मा

समोरचा थाप मारतोय असं वाटलं, की मुनीर मास्तर चष्मा काढून गुडघ्यावर ठेवायचे. "बोल मियाँ, आता बोल. झूट ऐकताना माणूस साफ दिसला की मलाच शरम वाटते." अणदूरला ते आम्हाला सायन्स शिकवायचे, आणि मी उत्तर द्यायला उठलो की त्यांचा हात आधीच चष्म्याकडं जायचा.

निजामाच्या राज्यात हैदराबादेला जाऊन मी बी.एस्सी. झालो. झालो म्हणजे, प्रयोग जोडीदारानं केले आणि माझं अक्षर चांगलं होतं. पुढं एम.एस्सी.साठी अर्ज भरताना एक खाना आडवा आला : 'स्वतः केलेले संशोधन'. रिकामा खाना बघवेना. मी डौलात लिहिलं, 'अणदूरच्या विहिरींच्या पाण्याचा अभ्यास'. थोड्याच दिवसांत उत्तर आलं : मुलाखतीला या, संशोधनाची वही सोबत आणा.

जागा मोजक्या होत्या. ही हुकली तर काकांच्या किराणा दुकानातला तराजू माझी वाट बघत होता. मी एका दुपारी ओट्यावर बसून चार विहिरींची वही लिहून काढली. आकडे इतके देखणे, की माझाच विश्वास बसला. शाबासकी घ्यायला ती मास्तरांकडं नेली.

"माळावरच्या विहिरीचं पाणी कवा काढलंस?"

"लगभग… चार दिवसांमागं."

चष्मा गुडघ्यावर आला. "दोन साल झाले, ती विहीर कोरडी हाय मियाँ. तिच्यात शेळ्या बसतात."

मी रडकुंडीला आलो. "आठ दिवस राहिलेत, मास्तर. माझ्याकडं ना नळ्या, ना अ‍ॅसिड."

"घरी डाळ हाय? मग झालं. जड पाण्यात डाळ लवकर शिजत न्हाय, हे तुझ्या काकूला ठाऊक हाय. किती वेळ लागतो, ते कुणालाच ठाऊक न्हाय. तेवढं लिही."

त्यांनी आपलं खिशातलं घड्याळ माझ्या हातात दिलं. उरलेल्या तीन विहिरी, एकच मडकं, तराजूनं तोललेली तुरीची डाळ, मोजून गोवऱ्या. मी चुलीपुढं डोळे चोळत बसलो की काकू म्हणायची, "ह्याच्यासाठी हैद्राबादला गेला व्हतास व्हय रं? म्या घरीच शिकवलं असतं की!"

वेशीजवळच्या विहिरीचं पाणी सगळ्यांत जड. पहिल्या खेपेला तिनं माझे अडीच तास खाल्ले होते. दुसऱ्या खेपेला पाऊण तासात डाळीचा लगदा! मी गरम मडकं धोतराच्या सोग्यात धरून मास्तरांकडं धावलो. "शोध लागला, मास्तर!"

मास्तर तडक आमच्या घरी आले आणि त्यांनी काकूला विचारलं. काकूनं पदर तोंडाला लावला. "चिमूटभर पापडखार टाकला म्या. लेकरू कवाचं धुरात बसलंय, बघवंना."

मी ते पान फाडायला निघालो. मास्तरांनी मनगट धरलं. "जे झालं ते लिही. काकू बी लिही."

मुलाखतीत प्रोफेसरांचं बोट नेमकं त्याच पानावर थांबलं. "ये काकू कौन हैं?" मी सगळं सांगून टाकलं. अर्ज भरताना यातलं काहीच केलेलं नव्हतं, तेही. आणि शेळ्यांची विहीरसुद्धा. ते हसले नाहीत. खारानं डाळ का शिजली, एवढंच त्यांनी विचारलं. जोडीदार शेजारी नव्हता. "मालूम नहीं, साहब," मी म्हणालो, "पण त्या दिवसापासून चैन नाही."

प्रवेश मिळाला. गावी येऊन मास्तरांना सांगितलं, "वही बघून प्रोफेसर लगभग उठून उभेच राहिले!" चष्मा गुडघ्यावर.

निजामाचं राज्य गेलं, आणि पुढं काही वर्षांनी मास्तरांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो, तेव्हा चेहऱ्यावर चष्माच काय तो ओळखीचा उरला होता.

"कसा दिसतो रे मी?"

"चांगले दिसता, मास्तर. आठ दिवसांत हिंडायला लागाल."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. गुडघा वर घ्यायची ताकद नव्हती, म्हणून माझ्या तळहातावर ठेवला.