कळकलेलं कालवण

साल दोन हजार तेवीस, आणि मी शहात्तर वर्षांचा. फाल्गुनातली कोवळी उन्हं दगडी गडग्यावरून परसात उतरत होती, आणि बिमलीच्या झाडाने फांद्या सोडून थेट खोडालाच बोटाएवढ्या हिरव्या फळांचे घोस असे लगडवून घेतले होते, की नुसतं पाहूनही जिभेच्या कडांना पाणी सुटावं. शाळा माझी चौथीतच सुटली. पण आंबटाची पारख मला कुणी शिकवायला नको.

सूनबाई कोल्हापूरची. तिला त्या झाडाचा भारी राग. पिकलेल्या बिमल्या दिवसभर टपाटप गळायच्या, पायाखाली चिरडून चिखल व्हायच्या. "बाबा, ह्या झाडाचा काही उपयोग आहे का? तोडून टाका एकदाचं!" ती एकदा म्हणालीच. मीही हट्टाला पेटलो. "रविवारी तुझे आईवडील येतायत ना? ह्याच बिमलीचं बांगड्याचं कालवण मी स्वतः करतो. त्यांनी ताट पुसून नाही खाल्लं, तर कोयता मीच चालवीन!"

रविवारी आईच्या वेळचं पितळी पातेलं मी माळ्यावरून उतरवलं. आमची ही चुलीपाशी येऊन म्हणाली, "अहो, त्याची कल्हई पार उडालीय. आंबट आहे, कळकेल." म्हटलं, "हे पातेलं तुझ्या आधीपासून ह्या घरात आहे. मला नको सांगूस." ओला नारळ, तांबडी मिरची, ठेचलेली तिरफळं आणि उभ्या चिरलेल्या बिमल्या, वास असा दरवळला की शेजारच्या मांजरीने उंबरठा सोडला नाही. आणि नेमके व्याही आंबा घाटात अडकले. कालवण त्याच पातेल्यात मुरत राहिलं.

ते दारात आले तेव्हा मी झाकण उघडलं. कडेने हिरवट झाक चढलेली. बोट बुडवून चाटलं, तर तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव! मनात आलं, आता कोयता शोधावा लागणार. शब्द तर माझाच.

सून आत आली, पातेल्यात डोकावली, आणि हसू दाबत सासूला म्हणाली, "आई, तळायला ठेवलेले बांगडे आहेत ना?" मग परसात गेली, ओंजळभर बिमल्या तोडून आणल्या, हिरवी मिरची, लसूण आणि मीठ घालून तिच्या माहेरच्या पद्धतीचा खर्डा खलबत्त्यात कुटला. तळलेल्या बांगड्याबरोबर, तांदळाच्या भाकरीशी व्याह्यांनी तो घामाघूम होत खाल्ला, पुन्हा मागितला, ताट बोटाने पुसलं. "हे आंबट काय घातलंस गं, पोरी?" तिने नुसतं परसाकडे बोट केलं.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "बिमली माझ्याच झाडाची होती हो!"

"होती," ती म्हणाली. "आता झाड माझं. कोयता लावायचा नाही." कळकलेलं कालवण ओतून टाकून ती पातेलं घासायला बसली, तर आंबटाने ते आतून सोन्यासारखं लखलखत होतं. त्या उजेडात तिचे हात दिसले, आणि इतकी वर्षं झाडाचा अभिमान मी वाहत होतो तेव्हा झाडाखालचा चिखल कोण काढत होतं, हे पहिल्यांदाच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आत, मी खराटा घेतला आणि झाडाखालची जमीन लख्ख झाडून काढली. वळलो, तोच पाठीमागे टप्पकन एक बिमली पडली.