रेतीच्या पोत्यांवर पास झालेला ट्रेलर

मोटारसायकलचा काटा पन्नासवर गेला आणि मागचा ट्रेलर हलायला लागला. आधी थोडासा, डावीकडे आणि उजवीकडे. मग जास्त. मी स्कूटरवर मागून येत होतो आणि माझ्या मागे बसलेल्या वहिनींनी माझा खांदा घट्ट धरला. पुढे मोटारसायकलवर त्यांचे यजमान, पांढरीपांडे साहेब होते. घाबरून त्यांनी ब्रेक दाबला, आणि नेमकं तेच करायला नको होतं. ट्रेलरने मोटारसायकलला मागून ढकललं, ती रस्ता सोडून गवतात गेली आणि आडवी झाली.

साहेब स्वतःच उठले. कोपर सोललं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती. बाकी काही नाही. रस्ता शहपुऱ्याजवळच्या एका ओळखीच्या गोदामवाल्याचा खासगी होता, त्यामुळे समोरून कोणी येत नव्हतं. वहिनी स्कूटरवरून उतरल्या आणि साहेबांच्या कोपराला रुमाल बांधू लागल्या. त्या दिवशी त्या साहेबांच्या मागेच बसणार होत्या. निघताना म्हणाल्या, "पहिली चक्कर मी मुळे भाऊजींच्या स्कूटरवर बसते. ट्रेलरमधलं माझं स्वयंपाकघर मागून कसं दिसते ते पाहू द्या मला." म्हणून वाचल्या.

तो ट्रेलर मी पास केला होता.

माझी ओळख सांगतो. मी मुळे, संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. इन्स्पेक्शन म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. पांढरीपांडे साहेब प्रॉडक्शनला, माझ्यापेक्षा बरेच वर. त्यांनी माल काढायचा, मी अडवायचा. माल ड्रॉइंगपेक्षा थोडा इकडेतिकडे झाला की प्रॉडक्शनवाले इन्स्पेक्शनकडे 'डेव्हिएशन' मागतात, म्हणजे एवढी चूक चालवून घ्या, अशी लेखी विनंती. साहेबांची अशी किती पत्रं मी परत पाठवली असतील, देव जाणे. तरी रिटायर झाल्यावर अधारतालला आम्ही दोन गल्ल्या सोडून राहायला लागलो आणि रोजचा चहा एकत्र सुरू झाला.

ट्रेलरची गोष्ट त्या चहावरच निघाली. वहिनींना कारमध्ये बसलं की दहाव्या मिनिटाला उलटी होते. बसमध्ये तेच. मोटारसायकलवर मात्र त्या दिवसभर बसतील, वारा लागला की त्यांना काही होत नाही. पण गुडघे गेलेले, जमिनीवर बसलं तर उठता येत नाही. म्हणजे तंबूत झोपणं बाद. साहेबांची सगळी नोकरी ओव्हरटाइममध्ये गेली, बाईला कुठे नेलं नाही, हे त्यांच्या मनात होतं. कुठून तरी त्यांना कळलं की मोटारसायकलच्या मागे ओढायचा छोटा ट्रेलर करता येतो. झाकण उघडलं की आत गुडघ्याएवढ्या उंचीवर पलंग, मागच्या बाजूला ओढून काढायचं स्वयंपाकघर.

"मुळे, आपण दोघं मिळून करू," साहेब म्हणाले. "मी बनवतो, तू तपास. जसं होतं तसंच."

गोहलपुरात इक्बाल भाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. पहिली फ्रेम आम्ही जाड लोखंडी अँगलची करवून घेतली. आमच्या हाताला तेवढ्याच जाडीची सवय. इक्बाल भाईंनी ती उचलून पाहिली आणि म्हणाले, "साहब, इसमें भाभीजी सोएँगी कि तोप जाएगी?" मग ती कापली आणि चौकोनी पाइपची हलकी फ्रेम केली. वर प्लायवूडचा डबा. सगळं मिळून सत्तर किलो.

सगळ्यात अवघड काम जोडणीचं होतं. कारच्या मागे ट्रेलर लावणं सोपं, कारण कार वळताना आडवी कलत नाही. मोटारसायकल कलते. ट्रेलर दोन चाकांवर सरळ उभा आणि पुढची गाडी तिरपी, तर मधला सांधा पिळला जाणार. म्हणून तो वर-खाली, डावी-उजवीकडे आणि शिवाय स्वतःभोवतीही फिरला पाहिजे. साहेबांनी बेअरिंग टाकून असा सांधा काढला. मी तीन वेळा नापास केला, चौथ्या वेळी पास. त्या सांध्यात आजही खोट नाही.

मग लोड टेस्ट. म्हणजे आत जेवढं सामान जाणार, तेवढं वजन घालून चालवून पाहणं. वहिनींनी सामान पन्नास किलो सांगितलं होतं. मी दहा-दहा किलोची रेतीची पाच पोती भरली आणि ट्रेलरच्या तळावर एकसारखी मांडली, मापं घेऊन, खडूने रेघा मारून. आयुष्यभर असंच केलं होतं. साहेबांनी त्याच खासगी रस्त्यावर साठपर्यंत पळवला. ट्रेलर सावलीसारखा मागे आला. मी वहीत लिहिलं, पास. खाली सही केली. सहीची काही गरज नव्हती, पण केली.

रविवारी खऱ्या सामानासकट शेवटची चाचणी ठेवली, आणि ट्रेलर गवतात गेला.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. मोटारसायकल उभी केल्यावर मी ट्रेलर सोडवायला गेलो. सांध्याची खीळ काढली आणि ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचा दांडा, उचलायला दोन्ही हात लावले. दोन बोटं पुरली. नाक आपोआप वर आलं.

हातठेल्यावर मागे जास्त माल भरला तर पुढचे दांडे वर उचलले जातात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा नाकावर पाहिजे, म्हणजे तो पुढच्या गाडीला धरून चालतो. वजन चाकांच्या मागे गेलं की नाक हलकं होतं आणि वेग वाढला की मागचं टोक झुलायला लागतं. माझी पोती तळावर सारखी पसरलेली होती. वहिनींचं सामान स्वयंपाकघरात होतं आणि स्वयंपाकघर पार मागच्या टोकाला होतं. वीस लिटरचा पाण्याचा कॅन, गॅस, कुकर, तांदूळ, पीठ, तेलाचा डबा. बाई सामान जिथे लागतं तिथेच ठेवणार. तिने रेतीसारखं सारखं पसरून कशाला ठेवावं? कारखान्यात माल कुठे ठेवायचा तेही ड्रॉइंगमध्ये असतं. इथे ड्रॉइंग नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

हे सगळं मला तिथेच, गवतात उभ्या उभ्या कळलं. आणि मी गप्प बसलो.

साहेब आपल्या हातांकडे पाहत होते. "ब्रेक काहून दाबला मी? पकडच राहिली नाही, मुळे. उमर झाली आता."

मी म्हणायला हवं होतं की साहेब, तुमचे हात ठीक आहेत. मी म्हणालो, "रस्ता थोडा खराब आहे."

का बोललो नाही? लाज वाटली, दुसरं काय. ज्या माणसाची पत्रं मी आयुष्यभर परत पाठवली, त्याच्यासमोर माझी सही खोटी ठरली होती. वाटलं, एक-दोन दिवसांनी सावकाश सांगू, काहीतरी निमित्त काढून. सोमवार गेला. मंगळवारी चहाला साहेब आलेच नाहीत. बुधवारी मी गेलो तर ते झोपले आहेत असं कळलं. गुरुवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, गाडी विकून राहिले हे. पाच वाजता एक जण पाहायला येणार आहे."

"ट्रेलर?"

"ट्रेलरचं काय करता मग? इक्बाल भाईंना भंगारात द्या म्हणाले." मग त्या म्हणाल्या, "माझं काही नाही. घरात बसायची सवय आहे मला. पण हे बोलूनच नाही राहिले कोणाशी."

मी चार वाजताच पोचलो. जाताना घरचा वजनकाटा पिशवीत घेतला, ज्यावर उभं राहून आपण पोट वाढल्याचं पाहतो तोच. साहेब अंगणात मोटारसायकल पुसत होते. माझ्याकडे पाहिलं आणि परत पुसायला लागले.

"वहिनी," मी म्हणालो, "रविवारी जसं सामान भरलं होतं तसंच्या तसं भरा. एक डबा इकडचा तिकडे नको."

"आता कशाला, भाऊजी?"

"भरा तर."

त्यांनी भरलं. पाण्याचा कॅन मी उचलून दिला. मग विटांवर वजनकाटा ठेवला, त्यावर ट्रेलरचं नाक टेकवलं आणि साहेबांना बोलावलं. काटा शून्यावरून हलला नाही. बारा किलो दाखवायला पाहिजे होता.

साहेब उकिडवे बसले. काट्याकडे पाहिलं, मागच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. प्रॉडक्शनचा माणूस, समजावून सांगायची गरज नव्हती.

"साहेब, तुमच्या हातांचा काही दोष नाही," मी म्हणालो. "चूक इन्स्पेक्शनची आहे. मी रेती तपासली, ट्रेलर तपासलाच नाही."

त्यांनी एका बोटाने नाक उचलून पाहिलं. मग विचारलं, "हे तुला केव्हा समजलं?"

इथे 'आज सकाळी' म्हणता आलं असतं. कोणाला कळणार होतं?

"तिथेच. नाक उचललं तेव्हा."

"रविवारी?"

"हो."

"आज गुरुवार आहे, मुळे."

"हो, साहेब."

ते उठले आणि आत गेले. दार लावलं नाही, पण बाहेरही आले नाहीत. वहिनी पदराच्या टोकाने हात पुसत उभ्या होत्या. रागावतील असं वाटलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चार दिवस हे खुर्चीत बसून आपले हात पाहत होते, भाऊजी. मुठी वळायचे, उघडायचे. मला विचारायचे, कापतात का गं?"

नोकरीत मेमो मिळाले, साहेबलोकांची बोलणी खाल्ली, पण यासारखं मला काही लागलं नाही. मी तिथेच विटांजवळ बसून राहिलो.

पाच वाजता गाडी पाहायला माणूस आला. साहेब बाहेर आले, त्याला म्हणाले, "माफ करना भैया, अब बेचना नहीं है." तो कुरकुरत गेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक्सल किती मागे घ्यावा लागेल?"

एक्सल म्हणजे दोन्ही चाकं ज्याच्यावर बसतात तो आडवा दांडा. तो मागे सरकवला की सामानाचा भार त्याच्या पुढे येतो. "वीतभर," मी म्हणालो. "आणि पाण्याचा कॅन पुढे, नाकाजवळ."

"पाणी पुढे आणि चूल मागे?" वहिनी म्हणाल्या. "मग मी काय धावत राहू?"

यावर बरीच वादावादी झाली आणि शेवटी साहेबांनी कॅनपासून मागच्या चुलीपर्यंत एक पाइप आणि तोटी बसवायचं कबूल केलं. इक्बाल भाईंनी दोन दिवसांत एक्सल कापून मागे जोडला.

तिसऱ्या चाचणीला साहेबांची एकच अट होती. "पास तू करायचा नाही. ही करेल."

वहिनींनी सामान भरलं, स्वतः वाकून वजनकाटा पाहिला. चौदा किलो. कॅनजवळचा एक डबा त्यांनी मागे नेला, बारा झाले. मग त्या मोटारसायकलवर साहेबांच्या मागे बसल्या. मी स्कूटरवर मागे होतो. चाळीस, पन्नास, पंचावन्न. ट्रेलर सरळ आला. रस्त्याच्या टोकाला वहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चलो, ठीक आहे." वहीत त्यांनी काही लिहिलं नाही.

ट्रेलर रस्त्यावर न्यायच्या परवानगीचा आरटीओकडचा कागद हाती आल्यावरच ते दोघं निघाले. चाळीसच्या वर जायचं नाही असं ठरवून, मुक्काम करत करत अमरकंटकला गेले. वहिनींनी तिथून फोन केला. पलंगावर बसूनच चहा केला म्हणाल्या, आणि नर्मदेचा उगम अगदी लहान आहे, एवढ्यासाठी एवढं दूर आलो, म्हणून हसल्या. मुक्कामावरून हलताना नाकाखाली काटा ठेवल्याशिवाय त्या साहेबांना गाडी सुरू करू देत नाहीत.

साहेबांशी माझा चहा परत सुरू झाला आहे. आधीसारखाच. फक्त एक फरक आहे. मी काही सांगितलं, अगदी दूधवाला उद्या येणार नाही असं साधं जरी, तरी ते कप खाली ठेवून विचारतात, "हे तुला केव्हा समजलं?" चिडवून विचारतात, हसतातही. मी दर वेळी खरा दिवस आणि वेळ सांगतो.

नव्या इन्स्पेक्टर पोरांना मी सांगत असे की चूक शोधायला शिका. आता कोणी विचारलं तर वेगळं सांगेन. शोधायला उशीर झाला तर लोक माफ करतात, नजरेतून सुटलं म्हणतात. सापडल्यावर सांगायला जो उशीर होतो, तो मात्र आपल्या नावावर राहतो. माझ्या नावावर चार दिवस आहेत.