आजीचा झिरा

नामांतराच्या आंदोलनात विद्यापीठ कधी बंद, कधी चालू. मोर्चात घोषणा देत, अधूनमधून अभ्यास करत मी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडी भागांवर तांब्याचा मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्यात लागले. सगळं रसायनशास्त्र आपल्यालाच कळतं, असं तेव्हा मला वाटायचं.

भाग धुतलेलं निळसर पाणी मागच्या ओढ्यात जायचं. त्याच ओढ्याच्या वाळूत मुकुंदवाडीकडच्या एका मेंढपाळ आजीनं मेंढरांना पाणी पाजायला झिरा उकरलेला. एक दिवस ती काठी टेकत थेट आत आली.

"पोरी, तुमच्या पाण्यानं माजा झिरा नासला. एक कोकरू प्यालं, ते उठंना. दोन कोसावर मेंढरं न्यायला माजे गुडघे नायत आता."

मला फार वाईट वाटलं. मी सगळ्यांसमोर सांगून बसले, "आजी, पाण्यातलं तांबं विजेनं काढून घेते." मालकांनी आठवडा दिला.

टाकीत ते पाणी भरलं, समोरासमोर दोन पत्रे टांगले, वीज जोडली. स्टीलच्या पत्र्यावर लालसर तांबं चढू लागलं. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण तीन दिवस झाले तरी पाणी निळंच. मालक आधी टाकीकडे बघायचे, मग माझ्याकडे.

आजी रोज डोकावायची. सोबत ते कोकरू, आता सावरलेलं. चौथ्या दिवशी ती बराच वेळ टाकीपाशी बसली आणि दुसऱ्या पत्र्याकडं बोट करून म्हणाली, "ह्यो पत्रा परवा लई जाड व्हता. झिजला कशानं गं?"

माझे कान तापले. मुलामा देताना त्या बाजूला तांब्याचा पत्रा टांगायची पद्धत. तो विरघळतो आणि पाण्यातलं तांबं कमी पडू देत नाही. सवयीनं मी इथंही तेच केलं होतं. एकीकडून काढत होते, दुसरीकडून घालत होते.

त्या जागी न विरघळणाऱ्या कार्बनच्या कांड्या लावल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याचा निळेपणा गेला, टाकीचा तळ दिसला. ते पाणी ओढ्यात न सोडता आम्ही पुन्हा भाग धुवायलाच घेऊ लागलो.

पावसाळ्यानंतर झिऱ्याचं पाणी तपासून घेतलं आणि कागद नाचवत आजीकडं गेले. "आजी, पाणी चांगलं झालंय. लिहून दिलंय."

"कागद तुजा, मेंढरं माजी," ती म्हणाली. "आधी तू पी."

मी ओंजळ भरून प्यायले. आजीनं माझं तोंड निरखलं, आणखी एक ओंजळ प्यायला लावली आणि मगच मेंढरांना हाळी दिली.