मीठ कोरडं दिसतंय का?

डॅनियलभाऊ गेल्याचं कार्ड ठाण्याला माझ्या हातात पडलं, त्याला आता महिना होत आला. कार्ड वाचलं आणि डोळ्यांत पाणी यायच्या आधी आठवली ती त्यांची उबवणपेटी. माणूस गेल्यावर पेटी आठवते, म्हणजे माझीही धन्यच... पण भाऊंना ते आवडलं असतं. पनवेलला आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो. भाऊ सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, धर्माचे पक्के आणि स्वभावाने भलते उतावळे. चहा गाळायच्या आत कप पुढे करणाऱ्या या माणसाने एकवीस दिवस वाट पाहायचा उद्योग हौसेने गळ्यात बांधून घेतला होता.

पेटी म्हणजे दुहेरी भिंतींचं लाकडी खोकं, मध्ये भुसा, खाली रॉकेलचा दिवा, वर काचेचं झाकण. अंड्यांशेजारी पाण्याचं ताट ठेवावं, असं विलायती पुस्तकात होतं. भाऊंनी ते ठेवलं. ऐन श्रावणात, पनवेलच्या हवेत, जिथे काडेपेटी डब्यातसुद्धा सादळते! बाविसावा दिवस उलटला तरी पेटीत आवाज नाही. शेवटी अंडी फोडली, तर पिल्लं पुरी वाढलेली आणि कवचातच ओलीचिंब होऊन मेलेली. भाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत. पेटी माळ्यावर गेली.

पुढच्या पावसाळ्यात गव्हाणची हिराबाई टोपली घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. मिठागरातली बाई, आमच्या आळीत मीठ विकायला यायची. आदल्याच दिवशी अंड्यांवर बसवलेली तिची कोंबडी मुंगसाने नेली होती. मागे अकरा अंडी उरली होती.

"माझ्या आयशीनं लग्नात दिलेल्या कोंबरीची जात हाय ही," ती म्हणाली. "आय बी नाय आता. ही अंडी गेली त जातच सरली. उबवा, भाऊ."

"माझ्याकडे मरतात, हिराबाई."

"बगू त खरा."

पेटी खाली आली. पाण्याचं ताट पाहून हिराबाईने कपाळाला हात लावला. "पानी कशाला? पावसात आमचा मीठ आपसूक पाझरता. हवेतच पानी हाय." तिने वाटीभर खडेमीठ आत ठेवलं. संध्याकाळपर्यंत मीठ भिजून गेलं. ताट काढून दुसरं मीठ ठेवलं, ते कोरडं राहिलं. भाऊ आनंदाने नाचायचेच बाकी राहिले. हवेतली ओल मोजायचं यंत्र त्यांना मुंबईत मिळालं नव्हतं, ते मिठागरातून चालत आलं होतं! शेवटचे तीन दिवस ओल वाढवायची, हे पुस्तकातलं खरं होतं. किती, ते आता मीठ सांगणार होतं. अठरा दिवस मीठ कोरडं, मग आत ओलं फडकं ठेवून जरा पाझरलेलं.

आणि एकविसावा दिवस नेमका शनिवारी आला. शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथला, भाऊ दिव्याला हात लावत नसत, कुठलंही काम करत नसत आणि दुसऱ्याला सांगतही नसत. हिराबाई सकाळच्या होडीने येऊन उंबऱ्याशी बसली होती. एका अंड्याला तडा गेला. भाऊ हात पाठीमागे बांधून पेटीभोवती फिरत होते, आणि मध्येच छताकडे बघून विचारत होते, "सुधाताई, मीठ कोरडं दिसतंय का कुणाला?" की मी उठून पेटीच्या बाजूच्या हवेच्या भोकातून आतल्या फडक्यावर पाणी सोडायची आणि न सांगता दिवाही बघायची. झाकण उघडलं असतं तर ओल जाऊन आतला पापुद्रा पिल्लाला चिकटला असता. दुसरा कुठलाही वार असता तर भाऊंनी ते दहादा उघडलं असतं, हे मी आजही पैजेवर सांगते. दुपारी पहिलं पिल्लू बाहेर लोळलं. मग एकामागून एक. आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे शब्बाथ संपेपर्यंत, नऊ झाली होती. तेव्हा कुठे भाऊंनी झाकण उचललं आणि एक पिल्लू हिराबाईच्या तळहातावर ठेवलं. "घे, तुझ्या आईची जात," एवढंच त्यांना बोलता आलं.

कार्ड आल्यावर मी पनवेलला जाऊन वहिनींना भेटले, आणि तशीच होडीने गव्हाणला गेले. हिराबाईला कुणी कळवलंच नव्हतं. अंगणभर कोंबड्या हिंडत होत्या. मी सांगितलं आणि ती हातातल्या सुपासकट खाली बसली. मग अंगणातल्या कोंबड्यांकडे बघू लागली.

"आदी मी आयची कोंबरी म्हनायची," ती म्हणाली. "आता गावात समदी भाऊच्या नावानं दानेली कोंबरी म्हनतान. पोरीच्या लग्नात देतान."

"भाऊंना ठाऊक होतं?"

"नाय. सांगाया लाज वाटायची."

मग मात्र आम्ही दोघी रडलो. सुपातले दाणे सांडले होते, आणि दानेली कोंबड्या आमच्या पायांशी येऊन ते टिपत होत्या.