अक्काच्या एका वाक्याची वणवण

मराठी माणसाने मराठीत लिहिलं, तर त्यात कौतुक कसलं? हा प्रश्न मी जळगावपासून शिरपूरपर्यंत सगळ्यांना विचारला. एकाने चहा मागवला, एवढंच.

मी दाविद, धुळ्याला हायवेवर टायरच्या दुकानात काम करतो. दुकानामागे जुने टायर कसे साचतात, कोणी मुद्दाम साठवत नाही, तसे अक्काच्या पुस्तकाचे हे किस्से साचले. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, मार्था शांतवन साळवे. दवाखान्यात नर्स होती. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. सातवीत शाळा सोडली तेव्हा तिने मला झाडूने मारलं आणि मग स्वतःच रडत बसली. ड्यूटी संपली की ती लिहायची. एक कादंबरी लिहिली. ती छापावी म्हणून मी तिला मोटरसायकलवर मागे बसवून अख्खा खान्देश फिरवला. दोन महिने झाले तिला जाऊन. आता मोटरसायकल हलकी वाटते, चालवावीशी वाटत नाही. म्हणून बसलोय तुमच्यासमोर. ऐका.

*

जळगावला लेखकांचा मेळावा होता. अक्काने तिथे तिच्या कादंबरीतली दोन पानं वाचली. कपाशी वेचणाऱ्या बायका, भडगावजवळचं आमचं गाव, गिरणेचं कोरडं पात्र, असं सगळं. टाळ्या चांगल्या पडल्या. मग झब्बा घातलेले एक सर पुढे आले.

"साळवे ताई, तुम्ही ख्रिस्ती ना? पण तुमचं मराठी फार छान आहे हो! कुठे शिकलात?"

"भडगावच्या शाळेत," अक्का म्हणाली. "तुम्ही?"

"मी? मी पण मराठी शाळेतच."

"हो का? तुमचंही छान आहे!"

सर हसले. त्यांना कळलंच नाही! बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अक्का, मी परत जाऊन त्याला नीट समजावू का?" ती म्हणाली, "तू कसाले इतला चिडस? गाडी काढ."

*

त्याच मेळाव्यात जेवणाच्या रांगेत दुसऱ्या एकाने विचारलं, "तुमचं धर्मांतर केव्हा झालं?"

अक्का म्हणाली, "माझं नाही झालं. पणजीला विचारावं लागेल, ती कबरस्तानात आहे."

तो ऐकायला तयार नाही. "म्हणजे दुष्काळात, तांदूळ वगैरे मिळायचे, त्यासाठी?"

मी मधेच बोललो. मला राहवलं नाही. "साहेब, तांदळासाठी गेले असते तर पाऊस पडल्यावर परत आले असते ना?"

त्याने भजं उचललं आणि रांग सोडून गेला. अक्काने माझ्या ताटात स्वतःचा गुलाबजाम टाकला. ती मला रागवायची तोंडाने, शाबासकी द्यायची ताटात.

*

धुळ्यातल्या पहिल्या प्रकाशकाने तर फाईल उघडलीच नाही. नाव वाचलं आणि खुश झाला.

"वा! डिसेंबरच्या अंकासाठी काहीतरी द्या. नाताळ, केक, घरातली सजावट."

"ही कादंबरी आहे. कपाशीच्या शेतात काम करणाऱ्या बायकांची," अक्का म्हणाली.

"असेल, असेल. पण यात तुमचं ख्रिस्ती जीवन कुठे आहे? वाचकाला तुमच्या लोकांबद्दल उत्सुकता असते."

"त्यातली रखमा ख्रिस्ती आहे ना. ती कापूस वेचते."

"ते ठीक. पण ख्रिस्ती काय करते ती?"

आता सांगा! बोंडाचं टोक बोटाला टोचतं, ते आधी बाप्तिस्म्याचा दाखला बघतं का? आमच्या घरी केक वर्षातून एकदा येतो, तोसुद्धा बेकरीतून. ज्वारीची भाकरी रोज होते. पण भाकरीत कोणाला उत्सुकता नाही!

*

शिंदखेड्याचा किस्सा मात्र प्रेमाचा आहे, त्यामुळे जास्त राग येतो.

कथाकथनाचा कार्यक्रम होता. सुरुवातीला पाहुण्यांनी समई लावायची, नेहमीसारखं. संयोजक भला माणूस. अक्काजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, तुमची अडचण व्हायला नको म्हणून आम्ही वेगळी सोय केली आहे."

बघतो तर समईच्या शेजारी स्टुलावर एक मेणबत्ती! लाल, जाडजूड, खाली सोनेरी कागद गुंडाळलेला. चार पाहुण्यांनी समई लावली. मग सगळे बाजूला सरकले आणि फोटोवाला म्हणाला, "ताई, आता तुमची."

अक्काने मेणबत्ती लावली. माईक हातात आला तेव्हा म्हणाली, "आमच्या घरी मेणबत्ती लाईट गेल्यावर लावतात. आज लाईट असताना लावली, त्याबद्दल आयोजकांचे आभार."

लोक पोट धरून हसले. संयोजक सगळ्यांत जास्त हसला. पण फोटो पेपरात आला तो मेणबत्तीचाच. कथेबद्दल एक ओळ नाही!

*

आता मूळ गोष्ट.

कादंबरीच्या सातव्या प्रकरणात रखमाचं मूल तापाने जातं. दुसऱ्या दिवशी ती शेतात जाते, कारण घरी बसवत नाही. तिसऱ्या परिच्छेदात, कपाशीच्या ओळीत उभी राहून ती वर बघते आणि म्हणते, "देवा, मेल्या, कोठे मरी गयथा तू? आते उना शे त बठ मन्हाजोडे."

म्हणजे, कुठे मेला होतास तू? आता आलाच आहेस तर बस माझ्याजवळ.

बास. एवढंच वाक्य. पुढची सगळी भांडणं या वाक्याची आहेत.

जळगावला कागदाचे व्यापारी आहेत, नानाशेठ. वडील राजस्थानातून आले, दुकान टाकलं. नानाशेठ वाचनाच्या नादाने वर्षाला दोन-तीन पुस्तकं छापतात. माणूस चांगला. फाईल घरी नेली, पूर्ण वाचली. शेठाणींनीही वाचली आणि दोघांनी अक्काला जेवायला बोलावलं. दालबाटी होती. नानाशेठ म्हणाले, "ताई, मी छापतो. फक्त ते सातव्यातलं वाक्य. देवाला शिवी देते ते राहू द्या, खरं वाटतं. पण नंतर त्याला जवळ बसवते ना, ते काढू. लोक म्हणतील प्रचार चालवलाय."

"नाना, ती बाई दुःखात देवाला बोलावते आहे. प्रचार कोणाला करणार? शेतात कोणीच नाही."

"मला कळतं हो, ताई. पण माझ्या दुकानाला दर्शनी काच आहे."

मला बोलायचं होतं, अक्काने टेबलाखाली माझा पाय दाबला.

मग ती आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांकडे गेली. मंडळीही अधूनमधून भक्तीची पुस्तकं छापते. पाळक साहेबांनी तेच प्रकरण वाचलं आणि चष्मा काढला.

"मार्था, तिची प्रार्थना फार सुंदर आहे. डोळ्यांत पाणी आलं. पण आधीची शिवी काढ. देव कुठे मेला होता, असं विश्वासी बाई विचारेल का?"

अक्का म्हणाली, "साहेब, तो क्रुसावर मेला होता ना? तुम्हीच दर शुभ शुक्रवारी सांगता. मग तिने चुकीचं काय विचारलं?"

पाळक साहेबांनी चष्मा परत लावला. "मी समितीपुढे ठेवतो," म्हणाले. समिती अजून बसलेली नाही!

परत येताना रस्त्यात पेट्रोल पंपावर मी म्हणालो, "अक्का, एकाला शिवी नको, एकाला प्रार्थना नको. दोघांचं ऐकलं तर पान कोरं छापावं लागेल!"

ती हसली. मग म्हणाली, "बठ्ठा घाबरेल शेतस रे, दावू, सगळेच. पण ते एकच वाक्य आहे. फोडलं तर दोन्ही तुकडे खोटे होतात."

*

घरी रोज संध्याकाळी आमची प्रार्थना असायची. एक गीत, एक अध्याय, मग अक्का सगळ्यांची नावं घ्यायची. त्यात ही माणसंही असायची!

"प्रभू, नानाशेठची शुगर कमी कर. त्यांच्या काचेला काही होऊ देऊ नको. केकवाल्या साहेबांना चांगला कागद मिळू दे. समितीला बसायला वेळ मिळू दे."

मी एक डोळा उघडून म्हणालो, "अक्का, मी आमेन म्हणणार नाही. केकवाल्यासाठी तर अजिबात नाही!"

ती डोळे न उघडता म्हणाली, "आणि प्रभू, याच्या जिभेला ब्रेक लाव. आमेन."

टायरवाल्या भावाला कळेल अशी प्रार्थना. मला मात्र आजपर्यंत कळलं नाही की जी माणसं दारात उभं करत नाहीत, त्यांच्यासाठी गुडघे कसे टेकतात. ती म्हणायची, "तू टेकून तर बघ."

*

मग अक्काला कॅन्सर निघाला. ज्या दवाखान्यात ती सलाईन लावायची तिथेच तिला सलाईन लागलं.

मंडळीतल्या एक बाई भेटायला आल्या. सफरचंदं आणली. उशाशी बसून म्हणाल्या, "मार्था, प्रभूची इच्छा असेल तसंच होईल. तो तुला बोलावतोय."

माझं डोकं फिरलं. "मावशी, त्याला सांगा थांब म्हणून! तिचं पुस्तक आलेलं नाही. इतकी वर्षं कोणी बोलावलं नाही, ना जळगावने ना धुळ्याने, आता यालाच घाई का?"

मावशी रागाने उभ्या राहिल्या. अक्काने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, आता ओरडेल. ती पुटपुटली, "मावशी, बसा. हा रखमाचा भाऊ आहे."

मावशींनी मला विचारलं, "रखमा कोण?" मी सफरचंद कापायला घेतलं.

त्याच रात्री नाही, पण त्याच आठवड्यात ती गेली.

*

अंत्यविधीला मंडळी भरलेली. आमच्यात गेलेल्या माणसाचा थोडक्यात जीवनवृत्तांत वाचतात. पाळक साहेबांनी वाचला. जन्म, बाप्तिस्मा, नोकरी. आणि शेवटी, "भगिनी मार्था हिने काही भक्तिपर लेखनही केले."

"कादंबरी!" मी ओरडलो.

सगळी मंडळी वळली. पाळक साहेब थांबले. कागदात बघितलं, तिथे तसं काही लिहिलेलं नव्हतं. "कादंबरी," मी पुन्हा म्हणालो. "कादंबरी लिहिली तिने. ती तुमच्याकडेच पडली आहे!"

त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आणि एक कादंबरी." मग गीताचा नंबर सांगितला.

*

नानाशेठ भेटायला आले होते. खरंच रडले. निघताना म्हणाले, "बेटा, आता ताई नाहीत. ते अर्धं वाक्य काढून पुस्तक छापून टाकू. निदान नाव तरी राहील." चार दिवसांनी पाळक साहेबांचा फोन. "दाविद, समिती तयार आहे. फक्त शिवीचे शब्द काढायचे." दोघांनाही वारस म्हणून माझी सही हवी होती. दोघांनाही मी नाही म्हणालो. जोरात म्हणालो. दुकानातली गिऱ्हाईकं बघायला लागली.

आमच्या कबरस्तानात प्रत्येक दगडावर नाव, नावाखाली पवित्र शास्त्रातलं एक वचन आणि वचनाखाली त्याचा पत्ता असतो. कोणतं पुस्तक, कोणता अध्याय, कितवी ओवी. वचनाशिवाय दगड बसवत नाहीत, तशी पद्धतच आहे.

परवा मी दगड घडवणाऱ्याकडे गेलो. म्हातारा माणूस, सगळ्या धर्मांचे दगड करतो, सगळ्यांना आबा. नाव कोरून झालं. "वचन सांग," आबा म्हणाले.

मी सांगितलं. आबांनी छिन्नी ठेवली.

"हाई तं शिवी वाटस रे, पोरा."

"पुढचं पण कोरा, आबा."

ते कोरत गेले. मी दगड दोन्ही हातांनी दाबून धरला, हलू नये म्हणून. शेवटचं अक्षर झाल्यावर त्यांनी फुंकर मारली, पूर्ण वाक्य एकदा ओठांत वाचलं.

"खाले काय टाकू? कोणतं पुस्तक?"

"टाका," मी म्हणालो. "मार्था, अध्याय सात, ओवी तिसरी."