इंजिनमामांची झोप

आमचे इंजिनमामा चालू इंजिनाशेजारी झोपायचे. तिसगावच्या मळ्यात विहिरीवरचं डिझेल इंजिन असं कोकलायचं, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. आणि मामा वर्षानुवर्षं त्याच्या बुडाशी घोंगडी टाकून खुशाल घोरायचे! पण पंपानं जरा हवा धरली, आवाजात तसूभर फरक पडला, की ताडकन उठून बसत. "मी झोपतो, कान झोपत न्हाई," म्हणायचे. आईचा एकुलता भाऊ, मला त्यांचं सगळंच नवल वाटे.

बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली. इंजिन बंद पडलं आणि मामांची झोप उडाली. आधी आम्ही चेष्टाच केली. मी मामीला म्हटलं, आता तूच घोरायला लाग. महिना उलटला आणि आमचं हसू जिरलं. डोळे लालभडक, चहात मीठ घालायचे, बोलता बोलता बैलाचं नाव विसरायचे. एका दुपारी मला हाताला धरून विहिरीवर नेलं. "बघ, पानी आलंय." खाली नुसता कोरडा खडक तापत होता. मला रडूच कोसळलं.

पाथर्डीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. माणूस निजला तरी मेंदू पहाऱ्यावर असतो. रोजचा आवाज तो सोडून देतो, बदलला की जागं करतो. मामांच्या मेंदूला आता शांतताच धोक्याची वाटत होती. आणि फार दिवस झोप नसली की नसलेलंही दिसतं, म्हणाले. गोळ्या दिल्या. त्यांनी काडीचा फरक पडला नाही.

दिवाळीनंतर मामा-मामी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला गेले. बागायतदाराच्या हाती कोयता आला, पण पोटापुढं कसली लाज? साखर कारखान्याच्या आवारात भरल्या गाड्यांची रांग होती आणि यंत्रांची अखंड घरघर. मामा गाडीच्या सावलीला जरा टेकले आणि बघता बघता घोरू लागले. मामीला कोण आनंद! रांग पुढं सरकली तेव्हा मागचा गाडीवान त्यांना उठवायला आला. मामीनं त्याला अडवलं. गाडी मीच पुढं घेते म्हणाली. सावली जाणार, ऊन लागेल, म्हणून तिनं आपलं जुनं लुगडं त्यांच्या अंगावर पसरलं आणि बैल हाकले.

रांगेच्या कडेनं मागून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला ते कापडाचं बोचकं वाटलं, तो तसाच पुढं आला. लोक ओरडले, पण त्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू जाणार?

दहाव्याला मी मामीजवळ बसले होते. ती रडत नव्हती. म्हणाली, "लई दिसांनी डोळा लागला हुता गं त्यांचा. तू आसतीस तर उठवलं आसतंस का?"

मी नाही म्हणाले. खोटा धीर द्यायचा म्हणून नव्हे; मीही उठवलं नसतं.