सव्वा मूठ गहू

मेल आला तेव्हा माझ्या बोटांना गोंद लागलेला होता. मायच्या शेजारी बसून मी साडीवर टिकल्या चिकटवत होते. कॅनडातला डिप्लोमा संपवून, तिथे नोकरी करायच्या परमिटचा अर्ज टाकून मी सुरतला आले होते. उत्तराला काही महिने लागणार होते आणि रिकामं डोकं मला खायला उठतं, म्हणून मायच्या कामाला हात लावत होते. फोनच्या काचेवर गोंदाचे ठसे उमटले आणि त्यांच्यामधून मी वाचलं, की मी या परमिटला पात्र नाही.

हे परमिट काय ते आधी सांगते, कारण आमच्या नातेवाइकांना ते अजून कळलेलं नाही. परदेशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर काही वर्षं तिथे कुठेही काम करता येतं. सगळा आटापिटा त्यासाठीच असतो. आमच्या भागातून जी पोरं गेली, ती काही ज्ञानाला तहानलेली म्हणून गेली नाहीत. मीही नाही. एका गोदामाच्या ऑफिसात मला नोकरी मिळाली होती, परमिट हातात आलं की रुजू व्हायचं होतं. परमिट एकदाच मिळतं, आणि त्याची एक अट अशी, की शेवटचं सत्र सोडलं तर बाकी प्रत्येक सत्रात तुम्ही पूर्णवेळ शिकत असायला हवं. एका सत्रात मी नव्हते.

ते सत्र कानबाईचं होतं.

कानबाई ही आम्हा खानदेशी माणसांची देवी, श्रावणातल्या एका रविवारी तिला घरात बसवतात आणि सोमवारी विसर्जन करतात. मोठे काका गेल्यापासून आमच्या भाऊबंदकीतली कानबाई बंद होती. चुलतभावाला मुलगा झाला आणि गेल्या वर्षी श्रावणात ती पुन्हा बसवायचं ठरलं, तीही आमच्या नव्या घरात. धुळ्याकडून, उधन्याहून, नवसारीहून सगळे येणार होते. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. ते पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये मशीनवर असतात, मागे इतका आवाज असतो की ते फोनवर ओरडूनच बोलतात.

"पोरी, घर ये. कानबाई घर बठी राह्यनी नि घरनी पोर नई, असं चालावं नई."

"आप्पा, माझं सत्र चालू आहे. परीक्षा बुडतील."

"परीक्षा कव्हय बी देता येस!"

आणि यात मलाही काही वावगं वाटलं नाही, हीच खरी गंमत. आम्ही एटीकेटीच्या मुलुखातली माणसं. माझ्या चुलतभावाने इथल्या कॉलेजात तीन विषय मागे ठेवून पुढचं वर्ष काढलं, मग ते विषय सोडवले आणि आज तो बँकेत साहेब आहे. विषय राहिला तर पुढे काढायचा, त्यात काय एवढं? मी तिथल्या कॉलेजच्या ऑफिसात विचारलं, तीन विषय आत्ता सोडले आणि पुढे घेतले तर डिप्लोमा मिळेल ना? त्या बाई म्हणाल्या, मिळेल. मिळालाही, चांगल्या मार्कांनी. परमिटचं विचारायला हवं हे मला सुचलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. मी विमानात बसले, आले, पिवळी साडी नेसून सोमवारी विसर्जनाला नाचले. सगळ्या बायका म्हणाल्या, पोरगी तिकडे जाऊन बदलली नाही हो.

मेल आल्यावर आप्पांना सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. मायने सांगितलं, स्वयंपाकघरात, तव्यावर भाकरी असताना. आप्पा बाहेर आले आणि माझ्यासमोर बसले. त्या कानबाईचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण माझा राग घरभर होता. पाणी मागितलं तर मी पेला आपटून ठेवत होते. देवाचा राग, भाऊबंदकीचा राग, त्या ऑफिसातल्या बाईचा राग, आणि आप्पांकडे पाहिलं की सगळ्यात जास्त. मायला मी एकदा म्हणालेसुद्धा, "तुमच्या कानबाईने मला खाल्लं." तिने कानांवर हात ठेवले.

सुरतेतच पर्वत पाटिया भागात, कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, पोरांना परदेशी पाठवणारा एक एजंट बसतो. माझे पहिले कागद त्यानेच केले होते. आप्पांनी मिलमध्ये सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं गेलो. खाली हातगाड्यांवर साड्यांचे गठ्ठे चढत होते, हमालांची आरडाओरड चालली होती, वर एसीत हा माणूस थंडगार बसलेला.

"बेन, सीधी बात बोलूं?" तो म्हणाला. "फेरविचार माँग सकते हैं. लेकिन वजह चाहिए. त्योहार में घर आई थी, ये कोई वजह है?"

"मग कोणती चालते?" मी विचारलं.

त्याने आप्पांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "उस टाइम घर में किसी का देहांत हुआ हो. सगा चाहिए. मम्मी-पप्पा में से कोई. लड़की सदमे में थी, पढ़ नहीं पाई. सर्टिफिकेट का मैं देख लूंगा, काका."

मला ताडकन उठायला हवं होतं, दोन शब्द ऐकवायला हवे होते, ऐकवायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. पण मला ते खोटं हवं होतं. पकडले गेले तर पुढची कित्येक वर्षं ते दार बंद होईल हे मला ठाऊक होतं, तरीही हवं होतं. कोणीतरी माझ्याऐवजी हो म्हणावं, एवढीच मी वाट पाहत होते.

"मना नाव लिखा," आप्पा म्हणाले. मग एजंटला कळावं म्हणून हिंदीत, "मेरा लिखो. मैं मर गया, लिखो."

एजंट म्हणाला, सोमवारपर्यंत पक्कं सांगा. परतताना रिक्षात आप्पा बाहेर बघत होते. उतरताना त्यांनी माझी पिशवी घेतली, जी ते कधी घेत नाहीत.

घरी मायने ऐकलं आणि तिच्या हातातली टिकल्यांची डबी पडली. पण ती रडली नाही, भांडायला उभी राहिली.

"त्या सालमा आपला घर कानबाई बठेल व्हती. मरेल माणूसना घरमा कानबाई बठस का? कोणले सांगशात तुम्ही हाई?"

"तठे कोणले माहीत कानबाई?" आप्पा म्हणाले.

"तिले माहीत शे ना!" माय म्हणाली, आणि देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं.

तो विषय तिथेच थांबला, संपला मात्र नाही. योग असा, की ती सोमवारची मुदत बरोबर यंदाच्या कानबाईत येत होती. शनिवारी आमच्याकडे रोटांचे गहू मोजतात. हे रोट म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, कानबाईचा प्रसाद, पण असा प्रसाद की जो वाटायचा नाही. भाऊबंदकीतल्यांनीच खायचा, उंबऱ्याबाहेर घास जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. जन्मलेल्या पोराचीही मूठ असते. जो गेला त्याची वगळतात. बायकांची कधीच नसते. लहानपणी मी मायला विचारलं होतं, माझी का नाही? ती म्हणाली होती, तू परक्या घरची. मोठी झाल्यावर मी तिला म्हटलं, मग मी इतक्या परक्या घरी जाते की विमानाने यावं लागेल. तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो होतो.

यंदा माय सूप घेऊन बसली, मी गव्हाची परात धरली. आप्पा भिंतीला टेकून होते. माय नावं घेत होती आणि मूठ टाकत होती. चुलते झाले, चुलतभाऊ झाला, त्याचं पोर झालं. मग तिने आप्पांच्या नावाची मूठ भरली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, ती त्या वेळी फक्त थोडी थांबते.

"मनी नको टाकू," आप्पा म्हणाले.

मायचा हात परातीवरच राहिला.

"मी तं मरेल शे आते. सोमवारले कागद जाई. देवीसमोर जिवत नि तठे मरेल, असं दोन्हीकडे कसं चाली?" ते हे चिडून बोलत नव्हते. मिलमध्ये पाळीचा हिशोब सांगावा तसं सरळ सांगत होते. "मनी जागावर पोरनी टाक."

मी आप्पांकडे पाहिलं. रंगाने त्यांची नखं कायमची निळसर झाली आहेत, हात गुडघ्यांवर ठेवलेले. एजंटच्या टेबलाशी मला वाटलं होतं की ते नुसतं नाव देताहेत. ते खरोखरच उठून चालले होते, आणि आपली जागा मला देऊन.

मायने आप्पांची मूठ सुपात टाकली, इतक्या जोरात की गहू फरशीवर उडाले. मग पाव मूठ. "जिवत माणूसनी मूठ मी नई काढाव," ती म्हणाली. "काय करनं ते करा."

आप्पा वाकून सांडलेले गहू वेचायला लागले. मीही वेचायला बसले. त्यांचं डोकं माझ्या डोक्याजवळ होतं आणि मला हुंदका आवरेना. आवरलाही नाही. तिथेच फरशीवर बसून मी एजंटला फोन लावला आणि सांगितलं, कागद करू नका.

"बेन, फिर कुछ नहीं हो सकता," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

कानबाई बसली, उठली. मिरवणुकीत मी गेले नाही. पाहुणे गेल्यावर रोट उरले, ते घरातच संपवायचे म्हणून आम्ही तिघं रोज तेच खात होतो. शेवटी ते इतके कडक झाले की आप्पा दुधात कुस्करून घ्यायचे. एका सकाळी मिलची बस यायच्या आधी त्यांनी आपल्या वाटीतला अर्धा कुस्करा माझ्या वाटीत ओतला आणि खाली मान घालून विचारलं, "आते काय?"

मी त्यांच्या मुठीतलं खाल्लं, वाटी धुतली आणि टिकल्यांची डबी उघडली.